पॅराशूटची घडी घालणाऱ्या बाईला काही प्रश्न

'अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, एलॉय गावी पॅराशूट बांधण्याचं काम करतात' एवढी एक ओळ संपादकांनी माझ्या ओळखीत छापली आणि पत्रं यायला लागली. मी मूळची इचलकरंजीची. मागांच्या खडखडाटात वाढले, त्यामुळे कापड बोटांनी चाचपल्याशिवाय त्याच्याबद्दल बोलायचं नाही ही सवय तिथलीच. इथे माझ्याकडे स्कायडायव्हरांच्या राखीव छत्र्या येतात. त्या उघडायच्या, तपासायच्या, पुन्हा घडी घालून बंद करायच्या आणि खाली सही करायची. स्वतः उड्याही मारते. आलेल्यांपैकी काही पत्रं थोडक्यात देऊन उत्तरं लिहिते आहे.

ताई, विमानाच्या दारात भीती वाटत नाही का? मला दुसऱ्या मजल्याच्या गच्चीवरून वाकून बघितलं तरी पाय लटपटतात. माझ्यासारख्याने या वाटेला जावं का? — एक वाचक, मिरज

वाटते. अजूनही वाटते. पण गच्चीवरची भीती निराळी. गच्चीवरून खालची स्कूटर दिसते, दोरीवरचे कपडे दिसतात, डोळ्यांना अंतर मोजता येतं. तेरा हजार फुटांवरून दिसतो तो नकाशा: कपाशीची चौकोनी शेतं, कालवा, हायवेची रेघ. इथून पडलो तर लागेल, असं डोळे सांगतच नाहीत. शिडीवर चढून बल्ब बदलायला शेजाऱ्याला बोलावणारे स्कायडायव्हर मला माहीत आहेत. जत्रेतला आकाशपाळणा खाली येताना पोटात खड्डा पडतो, तोही इथे जवळजवळ नसतो. कारण विमान आधीच वेगात पुढे चाललेलं असतं. बाहेर पडलात की वारा समोरून धरतो आणि दहा-बारा सेकंदांत पडण्याचा वेग ताशी १९० किलोमीटरच्या आसपास येऊन तिथेच थांबतो.

भीतीची खरी जागा म्हणजे वर चढतानाची ती पंधरा-वीस मिनिटं. सगळे बाकावर गुडघ्याला गुडघा लावून बसलेले, इंजिनाच्या आवाजात बोलणं अशक्य, आणि डोक्याला काही काम नाही. १९६७ साली वॉल्टर फेन्झ आणि सीमोर एपस्टाइन या दोन मानसशास्त्रज्ञांनी उडी मारणाऱ्यांचे हृदयाचे ठोके, श्वास आणि हाताचा घाम मोजला होता. नवख्यांची धडधड उडीच्या क्षणापर्यंत चढतच गेली. मुरलेल्यांचीही चढली, पण ती आधीच, विमानात असताना; दार जवळ येईतो उतरणीला लागली होती. म्हणजे जुन्या माणसांना भीती वाटत नाही असं नाही, ती लवकर वाटून घेतात.

हे कसं जमतं? हाताला काम देऊन. आमच्याकडे विमान एक हजार फूट चढलं की सीटचा पट्टा सुटतो. पुढे ठरावीक उंचीला हात छातीवरच्या हँडलांवर फिरवायचा: उजवं आहे, डावं आहे, छातीचा पट्टा बरोबर ओवलाय, पायांचे घट्ट आहेत. दार उघडायच्या आधी शेजाऱ्याला पाठ दाखवायची, तो पिशवीचं झाकण वर करून छत्र्यांचे कप्पे बंद ठेवणाऱ्या दोन्ही पिना बघतो. हे सगळं होईपर्यंत भीतीला बसायला जागा उरत नाही. तुम्ही या वाटेला जावं की नाही ते मी सांगणार नाही, पण लटपटणारे पाय हे न जाण्याचं कारण नव्हे. श्वास मात्र रोखू नका. नवखी माणसं दारात श्वास धरतात आणि मग 'हवाच लागेना' म्हणतात. मोठ्याने ओरडलं की श्वास आपोआप सुरू होतो.

आग्ऱ्याच्या पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये पाच उड्या मारून विंग्ज लावलेला मी जुना माणूस. हिरवा दिवा लागला, 'गो' कानावर आलं की पाय आपसूक चालायचे. तुमच्याकडे हुकूम देणारं कोणी नाही. मग दारात अडलेल्या माणसाचं काय करता? — एक निवृत्त सुभेदार, सातारा जिल्हा

सुभेदारसाहेब, नमस्कार. दारात अडलेल्या माणसाला आम्ही परत बसवतो. तो विमानातूनच खाली येतो आणि कॅन्टीनमध्ये त्याला कोणी कारण विचारत नाही. विचारलंच तर तो विचारणारा नवीन आहे असं समजायचं.

तुमची उडी आणि आमची उडी यांत मोठा फरक दोरीचा. तुमची स्टॅटिक लाइन विमानातल्या तारेला अडकवलेली. बाहेर पाऊल टाकलं की छत्री तीच उघडणार. तिथे एकच निर्णय, आणि तोही दुसऱ्याने घेतलेला. मराठ्यांची जुनी पलटण असलेल्या २ पॅराने ११ डिसेंबर १९७१ ला, बांगलादेशच्या युद्धात, टांगाईलवर उड्या टाकल्या, तेव्हा दारातून मागे फिरण्याचा विचारही कुणाच्या डोक्यात येण्यासारखा नव्हता. खाली पूल घ्यायचा होता. आमच्या खाली काय असतं? पार्किंग आणि बर्गरची गाडी. कुणाचंही काही अडलेलं नसतं. त्यामुळे 'आज नको' म्हणायची पूर्ण मोकळीक असते, आणि माझ्या मते हा खेळ त्या मोकळिकीवरच उभा आहे. बाहेर पडल्यावर छत्री कधी उघडायची, ती नीट उघडली का, नसेल तर सोडायची का, हे सगळं त्याच माणसाने ठरवायचंय. ज्याला ढकलून बाहेर काढावं लागतं तो पुढचं हे सगळं ठरवू शकेल यावर मी पैज लावणार नाही.

एलॉयला उन्हाळ्यात दुपारी धुळीच्या वावटळी उठतात. जमिनीलगत शंभर फुटांवर त्या छत्रीत शिरल्या की छत्री कोलमडते. त्यामुळे शहाणी माणसं पहाटेच उड्या उरकतात. तरीही अकरा वाजता वर गेलेल्या विमानातून कधीकधी चार-पाच जण बसून परत येतात, त्यांत हजारो उड्या मारलेलेही असतात. शिकाऊंसाठी तर नियमच आहे: जमिनीवरचा वारा ताशी १४ मैलांच्या वर गेला की त्यांचं विमान चढत नाही.

एक छत्री उघडली नाही तर दुसरी असते हे कळलं. पण दुसरीही उघडली नाही तर? — नववीतला विद्यार्थी, चिपळूण

तर माणूस मरतो. तुला गोलमाल उत्तर द्यायचं नव्हतं म्हणून हे आधी सांगितलं. आता ती वेळ येऊ नये म्हणून काय करतात ते ऐक.

पाठीवरच्या एकाच पिशवीत दोन छत्र्या असतात, खालच्या कप्प्यात मेन आणि वरच्या कप्प्यात रिझर्व्ह. मेनची घडी ज्याची तो घालतो, नाहीतर पॅकरला पैसे देऊन घालून घेतो. सराव असला की दहा-पंधरा मिनिटांत होते. रिझर्व्ह बांधायचं काम मात्र परवाना असलेल्या रिगरचंच, म्हणजे माझ्यासारख्यांचंच, असा अमेरिकेत सरकारी नियम आहे. वापरली नसली तरी दर १८० दिवसांनी ती उघडून, तपासून पुन्हा बांधावी लागते. पूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती.

माझ्याकडे पिशवी आली की मी मालकालाच रिझर्व्हचं हँडल ओढायला लावते. किती जोर लागतो हे त्याच्या हाताला माहीत हवं, नाहीतर पहिल्यांदा कळणार ते अडीच हजार फुटांवर. मग छत्री टांगायची आणि कापडाचा एकेक पट्टा उजेडाकडे धरून बघायचा. दोऱ्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटांतून सोडायच्या. शिवण, डाग, कड्यांवरचा गंज. नायलॉनला ऊन आणि आम्ल अजिबात मानवत नाही. मोटारीच्या डिकीत बॅटरीशेजारी ठेवलेली पिशवी आली तर मी मालकाला आधी चार शब्द सुनावते, मग काम हाती घेते. घडी घालून, दाबून, कप्पा बंद होईपर्यंत निम्मा दिवस जातो. शेवटी हत्यारं मोजायची. टेबलावर जेवढी काढली तेवढी परत आली नाहीत तर सगळं पुन्हा उघडायचं, कारण हरवलेला चिमटा आत असू शकतो. मग पिनेला लाल दोरा, त्यावर शिशाचं सील, सीलवर माझी खूण, आणि कार्डावर तारीख-सही.

हवेत मेन बिघडली तर आधी उजवं हँडल ओढून ती सोडून द्यायची आणि मग डावं ओढून रिझर्व्ह काढायची. मेन एका झटक्यात सुटते ती बिल बूथ या अमेरिकन माणसाच्या युक्तीमुळे, १९७०च्या दशकातल्या. खांद्याजवळ लहान होत जाणाऱ्या तीन कड्या एकीत एक ओवलेल्या असतात. प्रत्येक कडी ओढ कमी करत नेते, त्यामुळे अख्ख्या माणसाचा भार शेवटी एका बारीक दोऱ्याच्या फाशावर राहतो. त्यातून केबल निसटली की झालं. आणि माणूस बेशुद्ध झाला किंवा घाबरून त्याने काहीच ओढलं नाही तर? त्यासाठी १९९१ साली जर्मनीच्या हेल्मुट क्लोथ यांनी सायप्रेस नावाचं यंत्र बाजारात आणलं. ते हवेचा दाब मोजत राहतं. साडेसातशे फुटांच्या आसपास येऊनही माणूस छत्रीशिवाय पडण्याच्या वेगातच असेल, तर ते रिझर्व्हचा कप्पा बंद ठेवणारा फास कापतं आणि रिझर्व्ह उघडते. गणिताची आवड असेल तर हिशेब कर: साडेसातशे फूट, ताशी १९० किलोमीटर, हातात किती सेकंद उरतात?

मुलगा नोकरीनिमित्त टेक्ससला आहे. तिथे त्याने स्कायडायव्हिंगचा परवाना घेतला. शनिवार-रविवार मी फोन धरून बसते. 'सोड ते' म्हटलं की चिडतो. काय करू? — एक आई, नाशिक

ताई, आकडा सांगते, पण त्याने तुम्हाला झोप लागेल असं नाही. अमेरिकेत २०२३ मध्ये साधारण साडेछत्तीस लाख उड्या झाल्या आणि दहा माणसं गेली. १९७०च्या दशकात उड्या कितीतरी कमी असूनही दरवर्षी सरासरी चाळीसच्या वर जायची. सामान सुधारलं, शिक्षण सुधारलं. माझ्या आईला हे सगळं सांगून झालंय. ती इचलकरंजीहून एवढंच विचारते, "उतरलीस का?"

आकड्यांपेक्षा तुमच्या उपयोगाची गोष्ट वेगळी आहे. आता जे जातात त्यांतल्या बऱ्याच जणांची छत्री व्यवस्थित उघडलेली असते. डोक्यावर चांगली, भरलेली छत्री, आणि माणूस जमिनीजवळ जोरात वळण घेतो. वळताना छत्री खाली झेपावते, वेग वाढतो. तो मुद्दाम वाढवून जमिनीला समांतर सुसाट जाण्यात मजा असते, म्हणून लोक ते करतात. किंवा समोर अचानक कुंपण दिसतं, घाबरून हात खाली जातो आणि पन्नास फुटांवर वळण घेतलं जातं. सामान जितकं सुरक्षित होईल तितकं लोक जास्त धाडस करून हिशेब सारखा करतील, असं बिल बूथ म्हणत आले आहेत. माझ्या टेबलावर येणाऱ्या पिशव्यांचे आकार दर वर्षी लहान होताना मी बघते, त्यामुळे मला ते पटतं.

म्हणून 'सोड' म्हणू नका. 'छत्री केवढी घेतलीस रे?' असं विचारा. कपडे आणि पॅराशूट धरून त्याचं वजन जितके पौंड भरेल, निदान तितके चौरस फूट तरी त्याची छत्री असावी. नवख्यासाठी हा ढोबळ हिशेब. १९० पौंड भरत असेल आणि 'एकशे पन्नासची घेतली, स्वस्तात मिळाली' म्हणाला, तर मात्र जरूर चिडा, तो अधिकार तुमचा आहे. दुसरं विचारा, 'शेवटचं वळण किती उंचीवर घेतोस?' तीनशे फुटांच्या आसपास म्हणाला आणि त्यानंतर सरळ येतो म्हणाला, तर पोरगं शिकवलेलं ऐकतंय. आणि सायप्रेस किंवा तसलं यंत्र आहे ना, हे एकदा विचारून घ्या. आईला हे शब्द माहीत आहेत म्हटल्यावर तो चिडायचा थांबेल. निदान चकित तरी होईल.

एक विनंती मात्र आहे. शुक्रवारी रात्री फोनवर भांडण काढू नका. डोक्यात भांडण घेऊन विमानात बसलेला माणूस मला आवडत नाही. शेवटची उडी झाली की निरोप टाक, एवढं ठरवून घ्या. अधल्यामधल्या वेळात फोन आला नाही तर त्याचा काही अर्थ काढायचा नाही.

शीतल महाजन यांनी नऊवारी नेसून उडी मारली. मला माझ्या पन्नासाव्या वाढदिवसाला पैठणी नेसून मारायची आहे. प्रशिक्षकाच्या पुढ्यात बांधून घेऊन मारतात ती चालेल. — एक वाचक, लातूर

तुमचा उत्साह बघून बरं वाटलं, पण पैठणीला माझा विरोध आहे आणि तो जरीसाठी नाही.

पुण्याच्या शीतलताईंनी फेब्रुवारी २०१८ मध्ये थायलंडला नऊवारीत उडी मारली, तेव्हा त्यांच्या गाठीशी सातशेच्या वर उड्या होत्या. १८ एप्रिल २००४ ला उत्तर ध्रुवावर, उणे ३७ अंशांत त्यांनी पहिली उडी मारली, पुढे दक्षिण ध्रुव झाला, २०११ ला पद्मश्री मिळाली. नऊवारी त्यांनी जागोजागी पिना लावून पक्की बसवली होती. कासोटा घातलेली नऊवारी पायांच्या पट्ट्यांना तशी सोयीची. पाचवारी पैठणीच्या निऱ्यांमधून पायांचे पट्टे घालायचे कसे, ते तुम्हीच मला सांगा.

खरी भीती पदराची. टँडममध्ये तुम्ही पुढे आणि प्रशिक्षक मागे बांधलेला असतो. बाहेर पडताच तो मागे एक लहान छत्री फेकतो, दोघांच्या वजनाने वाढणारा वेग ती आवरते. मग पाच-साडेपाच हजार फुटांवर मोठी. या सगळ्यांची हँडलं त्याच्या कमरेच्या आणि छातीच्या बाजूला असतात. ताशी दोनशेच्या वाऱ्यात सुटलेला पदर त्या हँडलांवर गुंडाळला गेला, तर त्याचा हात कापडात चाचपडत बसेल. कोणताही शहाणा प्रशिक्षक नाही म्हणेल, आणि हो म्हणणाऱ्याबरोबर तुम्ही जाऊ नये. उडी जंपसूटमध्ये मारा, उतरल्यावर पैठणी नेसून फोटो काढा. आपल्याकडे हरियाणात नारनौलला टँडमची सोय आहे. जाण्याआधी वजनाची मर्यादा विचारून घ्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर लपवू नका.

बाहेरून हा श्रीमंत हुल्लडबाजांचा कंपू वाटतो. यांचा एकमेकांवर खरंच जीव असतो, की फोटोपुरती गळाभेट? — एक प्राध्यापक, अमरावती

हुल्लड असते, सर. पहिल्यांदा काहीही केलं, म्हणजे पहिली एकट्याची उडी किंवा पहिल्यांदा मेन सोडून द्यावी लागली, की सगळ्यांना बिअरचा खोका द्यायचा. मात्र दिवसाचं शेवटचं विमान सुटल्याशिवाय एकही झाकण उघडायचं नाही. रिझर्व्हने जीव वाचला तर ती बांधणाऱ्या रिगरला दारूची बाटली द्यायची पद्धत आहे. मी पीत नाही, हे आता सगळ्यांना माहीत आहे. लोक फीनिक्सच्या भारतीय दुकानातून हापूसच्या रसाचे डबे घेऊन येतात. श्रीमंतीचं म्हणाल तर आमच्या अर्ध्या मंडळींचं घर म्हणजे चाकांवरची व्हॅन. उडीचे पैसे जमवायला दिवसभर दुसऱ्यांच्या मेन बांधतात, एका घडीचे मोजके डॉलर.

जीव असतो का? एक प्रसंग सांगते. विमान बारा हजारांवर होतं. आमच्यातली एक फार जुनी, नावाजलेली बाई उठून दाराकडे निघाली. नुकताच परवाना मिळालेला एक पोरगा तिच्या छातीच्या पट्ट्याकडे टक लावून बघत होता. तो बकलमधून एकदाच ओवलेला होता; छत्री उघडतानाच्या झटक्याने सरकला असता आणि बाई पट्ट्यांतून निसटली असती. पोराला बोलायला धीर होईना, शेवटी त्याने तिची बाहीच धरली. तिने खाली पाहिलं, पट्टा सोडून पुन्हा ओवला, त्याला डोळ्यांनी 'बघ' म्हणाली, त्याने पाहून मान हलवली, मग ती गेली. संध्याकाळी खोका तिने आणला. आमच्याकडे मैत्री म्हणतात ती ही. मोठ्याची बाही धरायची लहानाला मुभा नसेल तिथे मी उडी मारत नाही, आणि अशा जागा आहेत.

फेब्रुवारी २००६ मध्ये थायलंडमधल्या उडोन थानीला ४०० जणांनी आकाशात एकमेकांना धरून एकच आकृती केली. पाच हर्क्युलिस विमानं लागली आणि आकृती टिकली चार सेकंदांच्या थोडी वर. त्या ४०० पैकी एक जरी घाईने, वेगात आत घुसला असता तर कुणाची तरी मान मोडली असती. सुटायचीही शिस्त असते. ठरलेल्या उंचीला पाठ फिरवून जितकं दूर जाता येईल तितकं जायचं, कारण छत्री उघडायला प्रत्येकाला डोक्यावर रिकामं आभाळ लागतं.

एक गोष्ट बाहेरच्यांना निर्दयी वाटते. आमच्यातला कोणी गेला की कसा गेला, कुठे चुकला, यावर त्याचे मित्र त्याच आठवड्यात उघडपणे बोलतात. अमेरिकेतल्या स्कायडायव्हरांच्या संघटनेच्या मासिकात अपघातांची हकीकत नाव न देता छापून येते आणि आम्ही ती सगळ्यात आधी वाचतो. त्याचं सामान बाजूला ठेवलं जातं, तपासणारे येतात, रिझर्व्हच्या कार्डावर कुणाची सही आहे ते बघतात. सही माझी असेल तर मलाही बसवून विचारतात. विचारायलाच हवं.

चष्मा आहे, चालेल का? — एक वाचक, पणजी

चालेल. चष्म्यावरून बसणारे गॉगल मिळतात. लेन्स लावत असाल तर गॉगल घट्ट हवा आणि खिशात लेन्सची एक जादा जोडी. नंबर मोठा असेल तर 'वरून तसंही काय दिसतं' म्हणून चष्मा खाली ठेवून जाऊ नका. उतरताना जमीन दिसावी लागते.